मेसोथेलिओमाचा संशय आणि छातीचा एक्स-रे: काढण्यापासून पुढच्या तपासणीपर्यंत

मेसोथेलिओमा म्हणजे फुप्फुसाभोवतीच्या पातळ आवरणाचा, प्लुराचा कर्करोग. दवाखान्यात तो बहुतेक वेळा 'छातीत पाणी झालंय' म्हणून येतो. आपल्याकडे छातीत पाणी म्हटलं की आधी टीबी आठवतो, आणि बहुतेकदा ते बरोबरच असतं. घात होतो तो उरलेल्या थोड्या रुग्णांचा. पाणी काढलं जातं, टीबीच्या गोळ्या सुरू होतात, पाणी पुन्हा भरतं, आणि मधले कित्येक महिने निघून जातात. पहिल्याच एक्स-रेत संशयाच्या खुणा असतात, पण त्या शोधाव्या लागतात. त्या शोधायच्या कशा, हे इथे क्रमाने दिलं आहे. एक्स-रे काढणारे टेक्निशियन, तो पहिल्यांदा पाहणारे डॉक्टर आणि फिल्मची पिशवी घेऊन फिरणारे घरचे, या तिघांनाही यातलं काही ना काही उपयोगी पडेल.

फिल्मच्या आधी कामाचा इतिहास

हा आजार बहुतांश अ‍ॅस्बेस्टॉसच्या धुळीमुळे होतो. धुळीशी पहिला संबंध येणं आणि आजार दिसणं यात साधारण २० ते ५० वर्षं जातात. म्हणून 'आता काय काम करता?' हा प्रश्न इथे कुचकामी आहे. साठ-सत्तरीतल्या माणसाला पहिल्या नोकरीपासून विचारत यायचं. सिमेंटच्या पत्र्यांचा किंवा पाइपांचा कारखाना, ब्रेक लायनिंग आणि क्लच प्लेट, बॉयलर आणि वाफेच्या पाइपांवरचं लॅगिंग (उष्णता अडवणारं आवरण), गोदी, मुंबईच्या दारुखान्यातली किंवा गुजरातच्या अलंगमधली जहाजतोडणी, जुन्या इमारती पाडणं, पत्रे कापणं, यातलं काहीही निघू शकतं. 'अ‍ॅस्बेस्टॉस' हा शब्द रुग्णाला माहीत असेलच असं नाही. 'पांढरी, कापसासारखी धूळ उडायची का? पाइपला काय गुंडाळायचे?' असं विचारलं तर उत्तर मिळतं.

बायकांना विचारताना नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या कामाबद्दलही विचारायचं. कारखान्यातले धुळीने भरलेले कपडे घरी झटकून धुणाऱ्यांनाही हा आजार झाल्याची नोंद आहे. दक्षिण आफ्रिकेच्या नॉर्दर्न केप भागातल्या निळ्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणींशी मेसोथेलिओमाचं नातं पॅथॉलॉजिस्ट वॅग्नर आणि सहकाऱ्यांनी १९६० मध्ये ३३ रुग्णांवरून दाखवलं, तेव्हा त्यांतले सगळे खाणकामगार नव्हते. काहीजण फक्त खाणीच्या आसपास राहिलेले होते.

हा इतिहास एक्स-रेच्या चिठ्ठीवर लिहायचा. नुसतं 'चेस्ट पीए' लिहिलेल्या चिठ्ठीवर रिपोर्टही तसाच त्रोटक येतो. 'वय ६४, उजवीकडे छातीत दुखतं, तीन महिने दम, १९८०च्या दशकात ब्रेक लायनिंगच्या कारखान्यात ११ वर्षं' एवढं लिहिलं की वाचणाऱ्याची नजर प्लुराच्या कडेवर थांबते.

एक्स-रे काढताना

उभ्याने, पीए, म्हणजे किरण पाठीकडून आत शिरून छातीकडे बाहेर, ही मूळ फिल्म. ट्यूब आणि डिटेक्टरमधलं अंतर १८० सेंमी. कपडे कमरेपर्यंत काढून गाऊन द्यायचा. मंगळसूत्र, गळ्यातला काळा दोरा, ताईत, ब्राचे हूक आणि ईसीजीचे स्टिकर बाजूला ठेवायचे. वेणी वर बांधायची, कारण जाड वेणी वरच्या भागात चक्क गाठीसारखी दिसते. हनुवटी वर, हात कमरेवर, कोपरं पुढे, खांदे पुढे दाबलेले. असं केलं की खांद्याची हाडं फुप्फुसाच्या बाहेर जातात. या आजारात हे फार महत्त्वाचं आहे, कारण खांद्याच्या हाडाची आतली कड बाहेरच्या प्लुरावर आली तर ती प्लुरा जाड झाल्यासारखी वाटते आणि खरी जाडी तिच्यामागे लपते.

'मोठा श्वास घ्या, धरून ठेवा' ही सूचना एकदा सराव करून मगच द्यायची. पडद्याच्या, म्हणजे छाती आणि पोट यांमधल्या डायफ्रॅमच्या, वर मागच्या ९ ते १० बरगड्या मोजता आल्या पाहिजेत. दम लागलेल्या माणसाला एवढा श्वास घेता येत नाही. तसं असेल तर फिल्मवर किंवा रिपोर्टच्या नोंदीत 'श्वास अपुरा' असं स्पष्ट लिहायचं, म्हणजे तळाचा पांढुरकेपणा कोणी आजार म्हणून वाचणार नाही.

रोटेशन पाहायला गळपट्टीच्या हाडांची आतली दोन टोकं बघायची. मधल्या मणक्याच्या काट्यापासून दोन्ही टोकांचं अंतर सारखं हवं. बाकी कुठल्याही आजारात थोडं तिरकं चालून जातं, इथे नाही. श्वासनलिका आणि हृदय कोणत्या बाजूला सरकलंय यावरच पुढचं सगळं वाचन उभं आहे, आणि रुग्ण तिरका उभा असला तर न सरकलेलं हृदय सरकलेलं दिसतं. फिल्म तिरकी आली तर लगेच पुन्हा काढावी. पीए एक्स-रेचा डोस ०.०२ मिलिसिव्हर्टच्या आसपास असतो. निसर्गातून आपल्याला दोन-तीन दिवसांत जेवढं रेडिएशन मिळतं, साधारण तेवढाच तो आहे.

केव्ही (किलोव्होल्ट, म्हणजे किरणांचा जोर) किती ठेवायचं? ग्रिडसह, म्हणजे विखुरलेले किरण अडवणाऱ्या जाळीसह, ११० ते १२५ केव्ही हा छातीसाठी नेहमीचा पल्ला. त्यात बरगड्या फिक्या पडतात आणि हृदयामागचा, पडद्यामागचा भाग उघडा होतो. याची एक किंमत मोजावी लागते. जास्त केव्हीला कॅल्शियमही फिकं पडतं, आणि अ‍ॅस्बेस्टॉसच्या जुन्या संपर्काची सर्वांत बोलकी खूण म्हणजे प्लुरावरचे कॅल्शियम साचलेले चट्टे. आधीच्या फिल्मवर पुसट पांढरी रेघ दिसत असेल आणि खात्री होत नसेल, तर ७० ते ८० केव्हीला काढलेल्या फिल्मवर ती उठून दिसते.

दोन्ही सीपी अँगल, म्हणजे बरगड्या आणि पडदा भेटतात ते खालचे कोपरे, फिल्ममध्ये पूर्ण आले पाहिजेत. कोपरा कापला गेला तर फिल्मचा अर्धा उपयोग संपला. कॉलिमेशन करताना, म्हणजे किरणांचा झोत हव्या तेवढ्याच भागापुरता आखताना, उंच, सडपातळ माणसाच्या बाबतीत ही चूक हमखास होते.

पीएच्या जोडीला लॅटरल, म्हणजे कुशीकडून काढलेली फिल्म घ्यावी, संशयाची बाजू डिटेक्टरकडे ठेवून. पीएवर पाणी दिसायला सुमारे २०० मिली लागतं, लॅटरलवर मागच्या कोपऱ्यात ५० ते ७५ मिलीही कळतं. पाणी मोकळं आहे की कप्प्यांत अडकलेलं, हे जाणून घ्यायचं असेल तर डेक्युबिटस, म्हणजे रुग्णाला दुखऱ्या कुशीवर पाच मिनिटं झोपवून आडव्या किरणाने काढलेली फिल्म. जिथे सोनोग्राफी हाताशी आहे तिथे मात्र डेक्युबिटसवर वेळ घालवू नये. सोनोग्राफी तेच काम जास्त चांगलं करते, आणि सुई कुठे घालायची तेही दाखवते.

वॉर्डात झोपवून काढलेली पोर्टेबल एपी (किरण छातीकडून आत, पाठीकडे बाहेर) फिल्म या कामाला जवळजवळ निरुपयोगी आहे. पाणी पाठीमागे पसरतं, अख्खी बाजू धूसर होते, हृदय फुगलेलं दिसतं. माणूस बसू शकत असेल तर निदान बसवून काढा.

वाचताना: हृदय आणि श्वासनलिका आधी

नाव, तारीख, उजवी-डावी खूण आणि फिल्मचा दर्जा पाहून झाला की पांढऱ्या भागाकडे लगेच धावू नये. नजर आधी मध्यभागी न्यायची.

एका बाजूला भरपूर पाणी असलं की त्याच्या दाबाने हृदय आणि श्वासनलिका दुसऱ्या बाजूला ढकलली जाते. टीबीचं ताजं पाणी, हृदयविकाराचं पाणी, दोन्हीत हेच अपेक्षित. पाणी अर्ध्या छातीपर्यंत आहे आणि तरीही श्वासनलिका मधोमध आहे, किंवा उलट पाण्याच्याच बाजूला ओढली गेली आहे, असं दिसलं तर थांबायचं. प्लुरा कडक सालीसारखा फुप्फुसाला आवळून बसला की छातीचा तो अर्धा भाग गोठतो आणि काहीच हलत नाही. मेसोथेलिओमाच्या एक्स-रेतली ही सर्वांत मोलाची खूण. हेच चित्र मोठी श्वासनळी गाठीने बंद होऊन फुप्फुस मिटल्यावरही दिसतं, म्हणजे फुप्फुसाच्या कर्करोगातही. दोन्हींपैकी काहीही असलं तरी नुसतं 'पाणी आहे' म्हणून सोडून देण्यासारखं नाही.

यानंतर ती बाजू आक्रसली आहे का ते पाहायचं. बरगड्यांमधली अंतरं दोन्हीकडची एकमेकांशी ताडून बघा. आजारी बाजूच्या बरगड्या जवळ आलेल्या, पडदा वर ओढलेला, मणका त्या बाजूला किंचित वाकलेला असेल तर आकारमान कमी झालेलं आहे. उजवा पडदा मुळातच डाव्यापेक्षा एक-दोन सेंमी वर असतो, तो हिशोब धरूनच बोलायचं.

मग कड, वरपासून खालपर्यंत

आता बोट किंवा पेनाचं टोक फिल्मवर ठेवून प्लुराची कड शिखरापासून फिरवत आणायची. बाहेरची बाजू, सीपी अँगल, पडद्याचा घुमट, हृदयालगतची आतली कड, आणि शेवटी फुप्फुसाच्या खंडांमधल्या रेषा. आतली कड बहुतेकजण बघतच नाहीत. हृदयालगतचा प्लुरा जाड असणं हे साध्या जुन्या टीबीत किंवा पू झाल्यानंतरच्या जाडीत कमी आढळतं, कर्करोगात जास्त. म्हणून तिथे वेळ द्यायचा.

मेसोथेलिओमाची जाडी गाठीगाठीची असते, कड लाटांसारखी आत येते. ती एक सेंमीपेक्षा जास्त असेल, चारही बाजूंनी फुप्फुसाला वेढत असेल, खंडांमधली रेघही जाड आणि खडबडीत असेल, तर संशय बळावतो. जुन्या टीबीची जाडी सहसा गुळगुळीत असते, खालच्या आणि मागच्या भागात जास्त, तिच्यात अनेकदा चुन्यासारखं कॅल्शियम पत्र्यागत पसरलेलं असतं, आणि पाच वर्षांपूर्वीच्या फिल्मवरही ती तशीच असते.

पाणी वर चढत्या वक्राने न दिसता फुप्फुसाखाली दडलं असेल तर पडदाच वर आल्यासारखा भास होतो. तेव्हा घुमटाचा उंचवटा नेहमीपेक्षा बाहेरच्या बाजूला सरकतो, आणि डावीकडे जठरातल्या हवेचा बुडबुडा आणि फुप्फुसाचा तळ यांत दोन सेंमीपेक्षा जास्त फट पडते.

दुसरी बाजूही बघा

पाणी उजवीकडे असलं तरी डावीकडचा प्लुरा साक्ष देतो. प्लुरल प्लाक, म्हणजे प्लुरावरचे मर्यादित चट्टे, अ‍ॅस्बेस्टॉसच्या संपर्कानंतर साधारण २० ते ३० वर्षांनी दिसू लागतात. त्यांच्या ठरलेल्या जागा आहेत. पडद्याचा घुमट, आणि बाहेरून मागच्या बाजूला सहाव्या ते नवव्या बरगडीच्या दरम्यान. फुप्फुसाचं शिखर आणि सीपी अँगल ते सहसा सोडतात. पडद्यावर कॅल्शियमची पातळ, बाकदार पांढरी रेघ दोन्ही बाजूंना दिसली तर अ‍ॅस्बेस्टॉसशी संबंध आला होता हे जवळजवळ नक्की. रुग्णाला आठवत नसेल तरी पुन्हा खोदून विचारा. मात्र प्लाक म्हणजे कर्करोग नव्हे, आणि प्लाकचा पुढे कर्करोग होतो असंही नाही. प्लाक दिसलेल्या निवृत्त कामगाराला हे सांगायला विसरू नये, तो घरी जाऊन रात्रभर जागा राहतो. प्लाक नसले म्हणून मेसोथेलिओमा नाही असंही म्हणता येत नाही, कारण बऱ्याच रुग्णांत ते दिसतच नाहीत.

फसवणाऱ्या काही सावल्या ओळखून ठेवाव्यात. जाड माणसात बरगड्यांच्या आतली चरबी दोन्हीकडे सारखी, गुळगुळीत, चौथ्या ते आठव्या बरगडीलगत दिसते. सीपी अँगल मोकळे असतात. बाजूच्या स्नायूची तिरकी सावली खाली बाहेरच्या दिशेने फिकी होत जाते. जुनं फ्रॅक्चर जुळलेली बरगडी फुगवटा दाखवते, पण तो बरगडीबरोबरच चालतो. बरगडीचं हाड खाल्लेलं, कड तुटलेली दिसली तर तो वेगळाच मामला, तिथे सीटी लांबवू नये.

कामगारांच्या तपासणीत आयएलओची (आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची) वर्गवारी वापरतात. तिच्यात ठरलेल्या नमुना फिल्मशी ताडून नोंद करायची असते. प्लाकची जाडी ३ ते ५ मिमी, ५ ते १० मिमी आणि १० मिमीच्या वर अशा तीन गटांत, लांबी छातीच्या बाहेरच्या भिंतीच्या पाव भागापर्यंत, पाव ते अर्धा आणि अर्ध्यापेक्षा जास्त अशी मोजतात. पसरट जाडी तेव्हाच नोंदवायची, जेव्हा ती बुजलेल्या सीपी अँगलला सलग जोडलेली असेल. मेसोथेलिओमाच्या संशयासाठी 'एमई' हे स्वतंत्र चिन्ह आहे. ते लावलं तर बाजूला कारण लिहावं.

एक सावधगिरी: डिजिटल एक्स-रेची फिल्म बहुतेक ठिकाणी लहान करून छापतात. तिच्यावर पट्टी ठेवून मिमी मोजू नयेत. मोजायचं तर मॉनिटरवर, मूळ फाइलवर.

रिपोर्ट असा असावा

'उजव्या बाजूला प्लुरल इफ्युजन, क्लिनिकल संदर्भ घ्यावा', म्हणजे नुसतं 'छातीत पाणी आहे', या ओळीने कोणाचंच भलं होत नाही. उपयोगी रिपोर्ट काहीसा असा असतो: 'उजवीकडे मध्यम प्रमाणात पाणी. त्या मानाने श्वासनलिका व हृदय डावीकडे सरकलेले नाहीत. उजव्या बरगड्यांमधली अंतरे कमी. सहाव्या ते आठव्या बरगडीलगत व हृदयाच्या उजव्या कडेला प्लुरा गाठीयुक्त जाड. डाव्या पडद्यावर कॅल्शियमयुक्त प्लाक. अ‍ॅस्बेस्टॉसचा इतिहास पाहता प्लुराच्या कर्करोगाची शक्यता तपासणे आवश्यक. कॉन्ट्रास्टसह सीटी व प्लुराची बायोप्सी सुचवीत आहोत.' यात न सरकण्याची नोंद आहे, जागा आहेत, आणि पुढची पायरीही आहे.

पाणी काढण्याआधी आणि नंतर

दम फार नसेल तर सगळं पाणी काढून टाकायची घाई करू नये. थोडं पाणी असताना काढलेल्या सीटीत प्लुराच्या दोन पदरांमधल्या गाठी जास्त स्पष्ट दिसतात. सीटी कॉन्ट्रास्टसहच, म्हणजे शिरेतून रंगद्रव्याचं इंजेक्शन देऊनच हवा, आणि तो प्लुरा उजळेल अशा वेळी, म्हणजे इंजेक्शननंतर साधारण एका मिनिटाने काढलेला. त्याआधी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाच्या कामाची रक्ततपासणी, पाहायचं. साधा, कॉन्ट्रास्टशिवायचा सीटी काढून आणला तर तो पुन्हा काढावा लागतो, आणि तोवर रुग्णाचे पैसे आणि आठवडा दोन्ही गेलेले असतात.

पाणी काढताना एका बैठकीत १ ते १.५ लिटरच्या पुढे सहसा जाऊ नये. सतत खोकला किंवा छातीत आवळल्यासारखं दुखू लागलं तर आधीच थांबावं. मिटलेलं फुप्फुस एकदम उघडलं तर त्यात पाणी झिरपून श्वास अडकण्याचा धोका असतो.

त्यानंतर काढलेला एक्स-रे हा माझ्या मते या सगळ्या प्रक्रियेतला सर्वांत कमी वाचला जाणारा कागद आहे. बहुतेकजण त्यात फक्त हवा भरली का एवढंच बघतात. खरं तर पाण्यामागे लपलेली प्लुराची कड पहिल्यांदा याच फिल्मवर दिसते. तिची पाणी असतानाच्या फिल्मशी शेजारी शेजारी ठेवून तुलना करा. पाणी गेलं, तरी फुप्फुस उघडलं नाही आणि जागी हवेची पोकळी दिसतेय, असं असेल तर फुप्फुस सालीत अडकलं आहे. ही हवा सहसा फुप्फुसाला भोक पडून आलेली नसते. रुग्ण शांत असेल तर केवळ ती दिसली म्हणून नळी घालू नये. अडकलेलं फुप्फुस हे पुढे टाल्कची पूड टाकून प्लुराचे दोन पदर चिकटवून पाणी थांबवायचं की कायमची नळी ठेवायची, हे ठरवताना लागणारी माहिती आहे.

टीबीच्या गोळ्या सुरू करण्याआधी

टीबी आणि मेसोथेलिओमा, दोन्हींत पाणी लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) जास्त असलेलं, प्रोटीनचं प्रमाण अधिक असलेलं येऊ शकतं. पाण्यातलं एडीए हे एन्झाइम ४० युनिट प्रति लिटरच्या वर असेल तर टीबीकडे कल जातो, पण एडीए कमी असताना, पन्नाशीच्या पुढच्या माणसात, कामाचा इतिहास असताना 'एकेटी (टीबीच्या गोळ्या) देऊन बघू' हे बरोबर नाही. पाण्याच्या पेशींची तपासणी मेसोथेलिओमात बऱ्याचदा रिकामी येते. 'कॅन्सरच्या पेशी आढळल्या नाहीत' हा रिपोर्ट म्हणजे सुटका नाही.

गोळ्या सुरू झाल्याच असतील तर सहा ते आठ आठवड्यांनी त्याच पद्धतीने, त्याच अंतरावर एक्स-रे काढून ताडून बघा. टीबीचं पाणी सुरुवातीला क्वचित वाढतं, पण या काळात सहसा ओसरतं, ताप जातो, वजन वाढू लागतं. पाणी परत भरतंय, दुखणं वाढतंय, वजन उतरतंय, तर गोळ्यांचा कोर्स पुरा होईपर्यंत वाट बघायची नाही. बायोप्सीकडे जायचं.

पक्कं निदान फक्त बायोप्सीवर. थोरॅकोस्कोपीने, म्हणजे दुर्बिणीतून प्लुरा बघून तुकडे घेतले तर दहापैकी नऊहून अधिक वेळा उत्तर मिळतं. तुकड्यांवर कॅलरेटिनिन, डब्ल्यूटी-१ यांसारख्या इम्युनो तपासण्या, म्हणजे पेशींवरची खास प्रथिनं ओळखणाऱ्या तपासण्या होतात. पॅराफिन ब्लॉक, म्हणजे मेणात जपलेले ते तुकडे, जपून ठेवायचे, परळच्या टाटा मेमोरियलसारख्या कर्करोग केंद्रात दुसरं मत घ्यायचं तर तेच मागतात. उपचार सुरू झाल्यावर गाठ किती कमी झाली हे एक्स-रेवर ठरवू नये. ते मोजमाप सीटीवर, छातीच्या भिंतीला काटकोनात प्लुराची जाडी मोजून करतात. एक्स-रे तेव्हा उरतो तो पाणी परत भरलं का, नळी जागेवर आहे का, हे पाहायला.

आणि एक्स-रे स्वच्छ आला म्हणून संशय संपत नाही. कामाचा इतिहास आहे, एका बाजूला खोल, बोथट दुखणं महिनोन्‌महिने टिकून आहे, तर सोनोग्राफी आणि सीटी करावेच.

घरच्यांसाठी: फिल्म आणि कागद

जुन्या फिल्म फेकू नका, दहा वर्षांपूर्वीच्याही नाही. प्लुराची जाडी नवी की जुनी, याचं उत्तर त्याच देतात. हल्लीच्या बहुतेक ड्राय फिल्म उष्णतेने छापलेल्या असतात. गाडीच्या डिकीत, उन्हात ठेवल्या तर काळ्या पडतात, आणि लॅमिनेशन केलं तर कायमच्या वाया जातात. फिल्मबरोबर मूळ फाइल सीडीवर किंवा पेन ड्राइव्हवर मागून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवायचाच असेल तर फिल्म व्ह्यू बॉक्सवर किंवा कॉम्प्युटरच्या कोऱ्या पांढऱ्या स्क्रीनवर धरा, फ्लॅश बंद करा, आधी पूर्ण फिल्म आणि मग दोन्ही खालचे कोपरे वेगळे घ्या. ट्यूबलाइटकडे धरून काढलेल्या फोटोवर कोणीही मत देऊ नये.

नोकरीचे पुरावेही याच पिशवीत ठेवा: नेमणूकपत्र, पगाराच्या पावत्या, ईएसआयचं कार्ड, पीएफची नोंद, जुनं ओळखपत्र. कामामुळे होणाऱ्या आजारांच्या कायदेशीर यादीत अ‍ॅस्बेस्टॉसमुळे होणारा फुप्फुसाचा कर्करोग आणि मेसोथेलिओमा यांची नावं आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात असा आदेश दिला की मालकाने प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद कामाला लागल्यापासून किमान ४० वर्षं किंवा काम सुटल्यावर १५ वर्षं, यांपैकी जे नंतर येईल तोवर जपावी. त्या नोंदीत नोकरीत असतानाचे एक्स-रेही असू शकतात. ते लेखी अर्ज करून मागा, अर्जाच्या प्रतीवर पोहोच घ्या, आणि डॉक्टरांना रिपोर्टमध्ये कामाचा इतिहास वर्षांसह लिहायला सांगा.